लेबल बदलले, पण डब्यात काय आहे?

इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते, दुसरीत १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४०च्या सिरिंजचे टोपण लाल, तर १००च्या सिरिंजचे नारिंगी. समजा, घरात १००ची कुपी आली आणि सिरिंज मात्र ४०चीच राहिली. इंजेक्शन देणाऱ्याने नेहमीप्रमाणे १०च्या खुणेपर्यंत औषध ओढले. या सिरिंजवर १०ची खूण म्हणजे पाव मिलिलिटर. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात १०ऐवजी २५ युनिट इन्सुलिन जाते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणूनच कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहायला सांगितले जाते.

इथे १० हा आकडा बरोबरच होता. तो कशाचा आहे, ही माहिती चुकली. संगणकाच्या जगात या माहितीला ‘टाइप’ म्हणतात. हाती आलेली गोष्ट आकडा आहे की मजकूर, तारीख आहे की यादी, हे सांगणारे ते लेबल. आज पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, विम्याचा दावा असे बरेच काही आपण ब्राउझरमध्येच उरकतो. ब्राउझरची बोलीभाषा आहे जावास्क्रिप्ट आणि या भाषेत मुळात असे लेबल लावण्याची सोयच नव्हती. नंतर ती केली गेली. मग एका प्रणालीची लेबले दुसऱ्या प्रणालीसाठी बदलून घेण्याची वेळ आली, आणि तिथे कुपी-सिरिंजसारखाच घोटाळा होऊ शकतो.

साठ अधिक पाच किती?

ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत असताना जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. वेबपानावर छोटीमोठी हालचाल करता यावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा. त्यामुळे भाषेचा स्वभाव सांभाळून घेण्याचा. चूक दिसली तरी ती अडून बसत नाही, आपल्या परीने अर्थ लावून पुढे जाते.

आता एक उदाहरण घेऊ. वेबपानावरच्या चौकटीत तुम्ही वजन ६० असे भरले. ब्राउझर हे ६० प्रोग्रामकडे आकडा म्हणून न देता मजकूर म्हणून देतो. प्रोग्रामने त्यात ५ मिळवायचे ठरवले, तर उत्तर ६५ न येता ६०५ येते, कारण मजकुरापुढे मजकूर जोडला गेला. गंमत म्हणजे त्याच ६०मधून ५ वजा केले, तर मात्र नीट ५५ येतात. दोन्ही वेळा जावास्क्रिप्ट तक्रारीचा शब्द काढत नाही. निमंत्रणपत्रिकेच्या पानावर हे खपून जाईल. वजनावरून औषधाची मात्रा काढणाऱ्या पानावर खपणार नाही.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२मध्ये टाइपस्क्रिप्ट ही भाषा जाहीर केली. तिच्यामागे होते अँडर्स हेल्सबर्ग, ज्यांनी त्याआधी टर्बो पास्कल आणि सी शार्प घडवल्या होत्या. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रोग्रामर प्रत्येक गोष्टीला लेबल लावू शकतो. प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर, म्हणजे एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, ती लेबले पडताळतो. मजकुरात आकडा मिसळत असेल आणि निकाल आकडा म्हणून वापरला जात असेल, तर तो तिथेच हटकतो. पडताळणी झाली की मात्र सगळी लेबले काढून टाकली जातात. ब्राउझरकडे जाते ती पूर्वीसारखीच साधी, बिनलेबलाची जावास्क्रिप्ट.

लेबल लिहिणारा वेगळा, माल बनवणारा वेगळा

आजचा कोणताही प्रोग्राम पूर्णपणे एकट्याने लिहिलेला नसतो. आलेख काढणे, कॅलेंडर दाखवणे, नकाशा उघडणे अशा कामांसाठी तयार संच मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. घरी मसाला कुटण्याऐवजी पाकीट आणावे, तसा हा प्रकार. टाइपस्क्रिप्ट आली, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये अशी असंख्य पाकिटे आधीच बाजारात होती आणि एकावरही लेबल नव्हते.

मग युक्ती निघाली ती अशी: पाकिटाला हात न लावता लेबलांची स्वतंत्र फाइल लिहायची. या लायब्ररीत अमुक नावाचे काम आहे, त्याला दोन आकडे द्यावे लागतात, उत्तर मजकुरात मिळते, एवढेच त्यात असते. प्रत्यक्ष काम करणारी एकही ओळ नसते. बोरिस यान्कोव्ह यांनी २०१२मध्येच अशा फाइलींसाठी ‘डेफिनेटलीटाइप्ड’ हे सार्वजनिक भांडार सुरू केले. स्वयंसेवकांनी त्यात भर घालत नेली आणि आज तिथे हजारो लायब्रऱ्यांची लेबले आहेत.

हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण लेबल लिहिणारा बहुतेकदा लायब्ररी लिहिणारा नसतो. तो माहितीपत्रक वाचतो, थोडा कोड पाहतो, वापरून बघतो आणि लिहितो. लायब्ररीची पुढची आवृत्ती आली की माल बदलतो, लेबल काही काळ जुनेच राहते. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये अशी लेबले प्रत्यक्ष लायब्रऱ्यांशी ताडून पाहणारी पद्धत मांडली. त्यांना १० लायब्रऱ्यांच्या लेबल-फाइलींत १४२ चुका सापडल्या.

दुसऱ्या कंपायलरच्या दारात

जावास्क्रिप्ट तयार करून देणारा टाइपस्क्रिप्ट हा काही एकमेव कंपायलर नाही. गुगलने आपला क्लोजर कंपायलर २००९मध्येच सर्वांसाठी खुला केला होता. कॉटलिन, स्काला, एफ शार्प या भाषांतून लिहिलेला प्रोग्रामही ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये उतरवता येतो. या सगळ्यांना त्याच तयार लायब्रऱ्या वापरायच्या असतात आणि त्यासाठी आपापल्या पद्धतीची लेबले लागतात. हजारो फाइली पुन्हा हाताने कोण लिहिणार? त्यापेक्षा टाइपस्क्रिप्टच्या तयार फाइलींचेच यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे, हा विचार साहजिक होता. एफ शार्पसाठी टीएसटूफेबल, स्कालासाठी स्केलेब्लीटाइप्ड, कॉटलिनसाठी डुकाट ही साधने त्यातूनच आली. गुगलमध्ये तर दोन्ही दिशांची साधने तयार झाली. टसिकल टाइपस्क्रिप्टकडून क्लोजरकडे नेते, क्लट्झ उलट दिशेने आणते.

पण भाषांतर म्हटले की काही ना काही निसटते. इथे काय निसटते ते पाहू.

पहिली गोष्ट आकड्याची. जावास्क्रिप्टच्या रोजच्या वापरातला आकडा एकाच जातीचा असतो, पूर्णांक असो की अपूर्णांक. त्यामुळे टाइपस्क्रिप्टच्या लेबलावर फक्त ‘आकडा’ एवढेच लिहिलेले असते. कॉटलिन मात्र विचारते, पूर्णांक की अपूर्णांक? भाषांतर करणाऱ्या यंत्राजवळ याचे उत्तर नसते. ते पूर्णांक धरले आणि लायब्ररीकडून अडीच आले, तर पुढच्या बेरजेत वरचा अर्धा गुपचूप गळून पडू शकतो. मोठ्या आकड्यांची अडचण आणखी वेगळी. ९००७१९९२५४७४०९९१ या १६ अंकी संख्येच्या पुढे गेल्यावर जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक पूर्णांक अचूक राहील याची खात्री नसते, शेवटचे अंक बदलू शकतात. २०१०च्या सुमारास ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक या मर्यादेपलीकडे जाणार असे दिसल्यावर कंपनीने प्रत्येक क्रमांक आकड्याबरोबर मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. रुग्णाचा नोंदणी क्रमांक असो की फोन नंबर, त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. त्याला मजकूर मानणेच शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट ‘किंवा’ची. ‘इथे आकडा किंवा मजकूर चालेल’ असे टाइपस्क्रिप्टमध्ये सहज लिहिता येते. कॉटलिनमध्ये असे सरळ ‘किंवा’ नाही. मग यंत्र अनेकदा पळवाट काढते आणि ‘काहीही चालेल’ असे लिहून मोकळे होते. लेबल आहे, पण ते काहीच सांगत नाही. कंपायलरची तपासणी तिथे गप्प बसते.

तिसरी गोष्ट ‘काही नाही’ची. रक्ततपासणीच्या अहवालात ‘आढळले नाही’ आणि ‘तपासले नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जावास्क्रिप्टमध्येही ‘नाही’ दोन प्रकारचे आहे: मुद्दाम रिकामे ठेवलेले आणि मुळात दिलेच नसलेले. इतर कित्येक भाषांत रिकामेपण एकाच प्रकारचे असते. भाषांतरात दोन्हींची सरमिसळ झाली, की कोणती तपासणी राहून गेली, हे सांगता येत नाही.

विश्वासाचा प्रश्न

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा विश्वासाचा आहे. आमची लेबले शंभर टक्के सिद्ध करता येतील अशी नाहीत आणि तो आमचा हेतूही नाही, हे टाइपस्क्रिप्टच्या कर्त्यांनी आपल्या उद्दिष्टांतच मोकळेपणाने सांगितले आहे. प्रोग्रामरचे काम सोपे व्हावे आणि बहुतेक चुका पकडल्या जाव्यात, असा तो समतोल आहे. लेबले शेवटी काढूनच टाकायची असल्याने एखादे चुकले, तरी फार तर एक इशारा मिळायचा राहतो किंवा नको तिथे मिळतो. प्रोग्राम होता तसाच चालतो.

क्लोजर कंपायलरचे तसे नाही. फाइल लहान व्हावी म्हणून तो आपल्या कडक पद्धतीत प्रोग्राममधली लांबलचक नावे बदलून एक-दोन अक्षरी करतो. बाहेरच्या लायब्ररीशी बोलताना वापरायची नावे बदलू नयेत, म्हणून त्यांची यादी त्याला द्यावी लागते. लेबल-फाइलीच्या भाषांतरातून हीच यादी तयार होते. समजा, त्यात ‘वजन’ हे नाव राहून गेले. कंपायलर त्याचे ‘अ’ करून टाकतो. लायब्ररी मात्र ‘वजन’ शोधत राहते आणि तिच्या हाती काहीच लागत नाही. प्रोग्राम कोसळेलच असेही नाही. कधी कधी तो ‘काही नाही’ हेच वजन धरून पुढचा हिशेब करतो. पहिल्या कंपायलरकडे जी चूक निरुपद्रवी होती, तीच दुसऱ्याकडे प्रोग्रामचा अर्थ बदलते.

हे काम किती किचकट आहे, याची कल्पना डुकाटवरून येते. कॉटलिन घडवणाऱ्या जेटब्रेन्सनेच ते साधन तयार केले होते. पण त्याची जोडणी प्रायोगिक अवस्थेतच राहिली आणि २०२३मध्ये १.८.२० या आवृत्तीबरोबर ती कॉटलिनच्या बांधणी-साधनातून काढून टाकण्यात आली.

कागदावर करार असून तो मालाशी न ताडण्याची किंमत अवकाश संशोधनाने मोजली आहे. ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याची माहिती न्यूटन-सेकंदात द्यायची, असे कराराच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते. जमिनीवरच्या एका प्रोग्रामने ती पौंड-सेकंदात दिली. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. घेणाऱ्या प्रोग्रामपर्यंत नुसते आकडे पोहोचले आणि त्याने लेबलावर विश्वास ठेवून हिशेब मांडला. यान ठरल्यापेक्षा कितीतरी खाली, मंगळाच्या वातावरणात शिरले.

दारावरची तपासणी

मग लेबलांचे भाषांतर करूच नये का? तसे नाही. हजारो लायब्रऱ्यांसाठी यंत्राला पर्याय नाही. अनुभवी प्रोग्रामर मात्र यंत्राने दिलेली फाइल म्हणजे कच्चा मसुदा मानतात. लायब्ररीतली शेकडो कामे आपण वापरत नसतो. जी पाच-दहा वापरतो, त्यांची लेबले माणसाने मूळ माहितीपत्रकाशी ताडून पाहायची. जिथे ‘काहीही’ लिहिले गेले आहे, तिथे नेमके काय येते ते शोधून लिहायचे. लायब्ररीची आवृत्ती बदलली, की भाषांतर नव्याने करायचे. आणि बाहेरून येणारी गोष्ट आत घेताना, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ती खरोखर आकडा आहे का, शक्य त्या मर्यादेत आहे का, हे दारातच पाहायचे. वजन ६०५ किलो आले, तर त्या दारावरच्या पहारेकऱ्याला टाइपची विद्या येत नसली तरी चालते.

ही सवय प्रोग्रामरपुरती ठेवण्याचे कारण नाही. लंडनला राहणाऱ्या मुलाने फोनवर ‘माझी साखर साडेपाच’ असे सांगितले, तर पुण्यातल्या आईने घाबरायला नको. तिकडे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १८ने गुणले की त्याची साखर आपल्या हिशेबाने ९९ होते. पण परदेशातून आणलेले ग्लुकोमीटर किंवा मोबाइलवरचे अॅप पहिल्यांदा वापरताना पडद्यावरच्या आकड्याशेजारचे एकक जरूर वाचावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कुपी बदलली की सिरिंजही पाहावी, आणि दोन्हींवरचे आकडे जुळत नसतील, तर औषध ओढण्याआधी केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारावे.