मे महिन्यातली बोडी

त्या दिवशी काकांनी माझ्या हातातला रॉड काढून घेतला आणि पाळीवर आडवा ठेवला.

"तुजा हात भेला गा बाबू," ते म्हणाले. "जरा बस."

ऑक्टोबर २०१४ मधली गोष्ट. १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं होतं. बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला लागलं की एक-दोन दिवसांत त्याचं शेपूट आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या आभाळात हलायला लागतं. गावात विधानसभेच्या मतदानाची धामधूम होती, बांद्यांमधलं धान लोंबीवर आलं होतं आणि मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका बोडीच्या पाळीवर उजाडल्यापासून मरळीसाठी रबरी बेडूक फेकत उभा होतो. साडेतीन तास झाले होते. वारा उलटा, पाऊस तिरपा, आणि पाण्यावर साधा बुडबुडाही नाही.

काका ढिवर. गावच्या मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. त्यांच्याच शब्दावर मला त्या बोडीवर गरी टाकायची परवानगी मिळाली होती. ते स्वतः रॉड वापरत नाहीत. बांबूच्या कामट्या काठाला रोवायच्या, त्यांना दोरी आणि गरी बांधायची आणि घरी जायचं, ही त्यांची पद्धत. माझ्यासोबत मात्र ते तासन्‌तास बसत. मेणकापड डोक्यावर घेऊन, काही न बोलता. म्हणून त्यांनी रॉड काढून घेतला तेव्हा मी चपापलो. थंडी वाजत होती हे खरं, पण भीती कसली?

मग त्यांनी सकाळपासून काय पाहिलं ते सांगितलं. पहिल्या तासात मी बेडूक वीतभर ओढत होतो, थांबत होतो, पुन्हा वीतभर ओढत होतो. दुसऱ्या तासात थांबणं संपलं. तिसऱ्या तासात मी बेडूक असा खेचत होतो, जणू त्याच्या मागे कुत्रा लागलाय. पाच वेळा बेडूक बदलला, चार वेळा जागा बदलली. "मासोरी कोठी नाई गेली," काका म्हणाले. "तूच हिंडून राह्यला."

माझ्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच लिहिलेलं आहे: हात घाबरतो, ते डोक्याला उशिरा कळतं.

मरळ पकडणाऱ्याचा धीर खराब हवेतच का सुटतो, याला एक साधं कारण आहे. मरळ हवा घेणारा मासा आहे. कल्ल्यांवर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने तिला वर येऊन तोंडाने हवेचा घोट घ्यावा लागतो. जाळ्यात पाण्याखालीच अडकून राहिली तर ती मासा असूनही गुदमरून मरते. म्हणून तर ती बाजारात घमेल्यातल्या चार बोटं पाण्यात जिवंत विकली जाते आणि चांगला भाव खाते. गरम, साचलेल्या पाण्यात ती वारंवार वर येते. काठावर बसलेल्याला 'डुबुक' ऐकू येतं, वर्तुळ दिसतं, आणि आपण योग्य जागी आहोत ही खात्री दर पाच-दहा मिनिटांनी आयती मिळत राहते.

ऑक्टोबरच्या वादळी पावसात हे सगळं बंद होतं. पाणी थंड झालं की तिच्या शरीराची गरज उतरते, वाऱ्याने घुसळलेल्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, तेव्हा ती क्वचितच वर येते. आली तरी लाटांच्या गर्दीत ते वर्तुळ कुणाला दिसणार? मासा तिथेच असतो. फक्त त्याच्या असण्याची खूण नाहीशी होते. माणूस त्या खुणांवरच जगत असतो, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

अमेरिकेत मस्की नावाचा मासा आहे. मरळीसारखाच दबा धरून झडप घालणारा, आकाराने मात्र फार मोठा. तिकडचे लोक त्याला 'दहा हजार फेकांचा मासा' म्हणतात. माझा एक शाळासोबती मूल गावाहून निघून मिनेसोटात स्थिरावला; तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गारठ्यात त्याच्यामागे असतो. त्याने एकदा फोनवर सांगितलं की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, तो बोटांनी फोडत फोडत फेकावं लागतं. मस्की कित्येकदा आमिषामागे होडीपर्यंत येतो आणि तोंड न लावता नुसता पाहत राहतो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, काही दिसो वा न दिसो, रॉडचं टोक पाण्यात घालून होडीलगत इंग्रजी आठचा आकडा काढायचाच. "दिवसभरात एकही मासा दिसला नाही तरी शेवटचा आठ पहिल्यासारखाच निघाला पाहिजे," असं तो म्हणाला, आणि मला काकांनी पाळीवर आडवा ठेवलेला रॉड आठवला.

पण काकांचा धीर कुठून येतो, ते मला त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी दाखवलं होतं. दाखवलं होतं, मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे तलाव म्हणजे तलाव आणि बोडी म्हणजे लहान तलाव. घोडाझरी, आसोलामेंढा हे इंग्रजी काळात बांधलेले विस्तीर्ण जलाशय सगळ्यांना ठाऊक असतात, पण झाडीपट्टीचा खरा संसार चालतो तो गावोगावच्या जुन्या तलाव-बोड्यांवर. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार पाहून पाळी घातल्या, बांद्यांना पाणी दिलं. पुढे हे तलाव मालगुजारांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आजही कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलण्यात मामा तलाव. पाळीच्या एका बाजूला जादा पाणी वाहून जायला सलंग असतो. या लेखात सलंग लक्षात ठेवा.

तर मे महिना. बोडीत मधोमध गुडघाभर पाणी उरलेलं. बाकी तळ भेगाळलेला, त्यावर गुरांचे खूर. काकांनी मला उन्हात त्या तळावरून दोन तास फिरवलं. पाळ घालताना माती काढली तो खड्डा दाखवला. सहाशे पावलांच्या बोडीत तो एकच खरा खोल भाग. गाळ नेणाऱ्या बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी दाखवली; पाणी भरलं की लहान मासोळी त्याच वाटेने उथळात येते. देवधानाच्या वाळलेल्या खुंटांचा पट्टा कुठे संपतो ते दाखवलं. बेशरमाची झुडपं कुठून आत सरकताहेत तेही. आणि चाकोरी जिथे देवधानाला भिडते तिथे एका जुन्या पळसाचं खोड. मुळांखालची माती वाहून गेलेली, आत कोनाडा. काका उकिडवे बसले, त्या कोनाड्यात हात घातला, खांद्यापर्यंत.

"इथं राह्यते," ते म्हणाले.

मग त्यांनी मला उभं केलं. पाळीवरच्या मोहाला पाठ लाव. समोरच्या टेकडीत खाच दिसते, तिच्याकडे तोंड कर. आता सरळ. मी फोनमध्ये फोटो काढला, खूण वहीत लिहिली आणि समाधानाने घरी आलो. ते पुढे आणखी एक वाक्य बोलले होते, ते मी लिहून घेतलं नाही: टेकडी झाकली तर सलंग ऐकायचा.

ऑक्टोबरच्या त्या सकाळी टेकडी नव्हती. पावसाने ती पुसून टाकली होती. मी तासभर अंदाजाने फेकत राहिलो, मग अंदाजावरचा विश्वास उडाला, मग हात धावायला लागला. काकांनी मला बसवलं, तंबाखू मळली, आणि बऱ्याच वेळाने नुसतं डावीकडे बोट दाखवलं. आवाज येत होता. चार दिवसांच्या पावसाने बोडी पुन्हा तुडुंब झाली होती आणि सलंगावरून पाणी पडत होतं. मोहाला पाठ लावायची आणि तो आवाज डाव्या कानाच्या थोडा मागे येईपर्यंत वळायचं. समोर दिसत काहीच नव्हतं. मी त्या काहीच न दिसणाऱ्या जागेकडे तोंड करून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर मे महिन्यातली बोडी आली. खड्डा, चाकोरी, देवधान, खोड. पाण्याखालचं सगळं जागच्या जागी होतं. वादळ फक्त वरच्या हातभर पाण्याचं होतं.

काळा बेडूक लावला. ढगाळ हवेत खालून पाहणाऱ्या माशाला काळी आकृती ठळक दिसते. खरा बेडूक मी कधीच लावत नाही, आणि लाल पिल्लांचा घोळका सांभाळणाऱ्या मरळीच्या जोडीवर गरी टाकत नाही. नर-मादी दोघंही पिल्लांसाठी कशावरही झडप घालतात, त्याचा फायदा घेणं मला सहन होत नाही. ऑक्टोबरपर्यंत बहुतेक पिल्लं पांगलेली असतात, म्हणूनही हा महिना मला प्यारा आहे.

वीतभर ओढ, थांब. वीतभर ओढ, थांब. सातवी की आठवी फेक असेल. देवधानाच्या कडेला पाणी फुगलं, फुटलं, आणि मी झटका मारला. बेडूक हवेतून उडून माझ्या छातीवर आला. घाई. मरळ बेडूक तोंडात धरते, मग बुडते, मग गिळायला लागते. मधल्या दोन श्वासांत हात आवरायचा असतो. माझ्या मनात लगेच आलं की गेली, आता दुसरी जागा बघू. काका न वळताच म्हणाले, "पुन्हा तिथंच."

मी पाच मिनिटं थांबलो. पुन्हा तिथेच. या वेळी पाणी फुटलं तेव्हा मी मोठ्याने 'एक, दोन' म्हटलं आणि मग ओढलं. पावणेतीन किलोची मरळ काठावर आली तेव्हा वारा तसाच उलटा होता, पाऊस तसाच तिरपा. ती मी काकांना दिली. त्यांच्या सुनेचं बाळंतपण नुकतंच झालं होतं, आणि बाळंतिणीला मरळ घालायची ही या भागातली जुनी रीत. इकडे सिरोंच्याच्या पलीकडे, प्राणहिता ओलांडली की तिला कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा केलं आहे.

त्या ऑक्टोबरात मी नऊ वेळा गेलो आणि दोन मासे पकडले. तिसरा सुटला. महिन्याच्या शेवटी त्याच खोडापाशी काहीतरी फार जड लागलं, देवधानात घुसलं, दोरी तुटली, माझा आवडता काळा बेडूक गेला. त्या रात्री मला झोप आली नाही.

धीराची गोष्ट सांगताना एक दिवस मी लपवणार नाही. दुसऱ्या एका वर्षी आम्ही वैनगंगेच्या काठी होतो. पश्चिमेला वीज चमकली. मी गडगडाटापर्यंतचे आकडे मोजले, पंधरा भरले आणि फेकत राहिलो. मासे उठत होते आणि मला वाटलं, हाच तो धीर. काकांनी ओरडून नावाड्याला डोंगा काठाला घ्यायला लावला आणि माझ्या हातातला रॉड अक्षरशः वाळूत फेकला. कार्बनचा सात फुटी रॉड उभा धरून उघड्या पात्रात उभं राहणं म्हणजे विजेला हाक मारणं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते पन्नास वर्षं नदीवर राहिलेले. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जो राग पाहिला, तो पुन्हा कधी पाहिला नाही. आता पंधरा काय, गडगडाट नुसता ऐकू आला तरी मी सामान आवरतो. तसंच संध्याकाळचं. या दोन जिल्ह्यांत पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसणं नवल नाही. उजेड आहे तोवर परत निघायचं; त्या वेळेला मासा उठत असला तरी.

आणि धान. हे बोललं नाही तर बाकीचं खोटं ठरेल. मी ज्या पावसात मरळ शोधतो, त्याच पावसात लोंबीला आलेलं धान आडवं होतं. त्याच हुदहुदच्या आठवड्यात परतताना काकांच्या पुतण्याची बांदी लागली. अर्धं पीक पाण्यात झोपलेलं. पुतण्या आणि त्याची बायको चार-चार धांडे एकत्र बांधून उभे करत होते. मी मासा पिशवीत टाकला, रॉड धुऱ्यावर ठेवला आणि बांदीत उतरलो. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघांनी जेवढं उभं करता आलं तेवढं केलं. काका एका ओळीत गेले आणि त्या ओळीत शेवटपर्यंत राहिले. दुसरीकडे किती आडवं आहे हे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

पुढच्या मे महिन्यात मी स्वतःहून गेलो. बोडीत गुडघाभरही पाणी नव्हतं. मोहाला पाठ लावली, खाच पाहिली, सरळ चालत गेलो. या खेपेला उकिडवा मी बसलो आणि पळसाच्या खोडाखालच्या कोनाड्यात हात घातला. गाळ ओला आणि गार होता. खांदा टेकला तेव्हा बोटांना काहीतरी मऊ लागलं, मग टोचलं. तुटलेल्या दोरीसकट माझा काळा बेडूक. एक पाय कुरतडलेला, गरी गंजलेली.

काकांनी तो उरलेल्या पाण्यात खळखळून धुतला, उन्हात धरून पाहिला आणि माझ्या हातावर ठेवला.

"गरी बदल," ते म्हणाले. "बाकी चांगला आहे."