बदल्यांच्या यादीबाहेर

मार्च संपत आला की जपानमधली स्थानिक वर्तमानपत्रं शिक्षकांच्या बदल्यांची यादी छापतात. बारीक अक्षरांत पानंच्या पानं भरलेली असतात. कोण कुठल्या शाळेतून कुठल्या शाळेत गेलं, कोण मुख्याध्यापक झालं, कोण निवृत्त झालं. त्या दिवशी गावात पालकांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे आधी ते पान उघडतात.

मी रत्नागिरीकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे बदली हा विषय आमच्या घरात बारमाही. विनंती बदली, आपसी बदली, पती-पत्नी एकत्रीकरण, आणि एवढे अर्जफाटे करूनही डोंगरातली शाळा पदरी पडली की आठवडाभर कुणाचं जेवणात लक्ष नसायचं. जपानमध्ये सरकारी शाळेतले शिक्षक ठरावीक वर्षांनी हलतातच, मुख्याध्यापक तर बहुधा दोन-तीन वर्षांतच. कुरकुर तिथेही असते, पण बदली कुणाला शिक्षा वाटत नाही. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं तेव्हा शिक्षकखोलीतली बरीच टेबलं नव्या माणसांची असतात आणि आठवड्याभरात शाळा पूर्वीसारखी चालू लागते.

शिमाने प्रांतातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये एप्रिल 2018 ते मार्च 2023 मी इंग्रजीची सहायक शिक्षिका होते. वर्तमानपत्रातल्या त्या यादीत माझं नाव कधी आलं नाही, शेवटच्या मार्चमध्येही नाही. माझ्यासारख्यांना तिथे एएलटी म्हणतात. 1987 मध्ये जपान सरकारने ‘जेट’ योजना सुरू केली आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या चार देशांतून 848 जण बोलावले, तेव्हापासून ही जात रुळली. पुढे देश वाढले, भरतीच्या वाटाही वाढल्या. कुणी ‘जेट’मधून येतं, कुणी कंत्राटी कंपनीकडून, तर कुणाला नगरपालिका थेट नेमते. मी तिसऱ्या प्रकारातली. एप्रिल 2020 मध्ये बदललेला कायदा लागू झाला आणि माझ्यासारख्या थेट नेमलेल्यांची नेमणूक एका आर्थिक वर्षापुरती झाली. 31 मार्चला ती संपणार, पुन्हा मिळाली तर 1 एप्रिलपासून नवी. बाकीचे शिक्षक बदलून जात. मी जाताना फक्त मुदत संपली.

या काळात माझ्या पायाखालची जमीनच बदलली. 2011 पासून पाचवी-सहावीला आठवड्यातून एक तास इंग्रजी सक्तीचं होतं, पण त्याला विषयाचा दर्जा नव्हता. ना गुण, ना पाठ्यपुस्तक. 2018 मध्ये मंत्रालयाने नव्या अभ्यासक्रमाची पूर्वतयारी म्हणून तिसरी-चौथीला ‘लेट्स ट्राय!’ आणि वरच्या वर्गांना ‘वी कॅन!’ अशी पुस्तकं दिली. एप्रिल 2020 पासून तिसरी-चौथीला वर्षाचे 35 तास आले. पाचवी-सहावीला 70 तास मिळाले, आणि त्या वर्गांत इंग्रजी रीतसर विषय झाला. प्रगतिपुस्तकात त्याचा रकाना आला.

मी रुजू झाले तेव्हा मुलं माझ्या तासाला शर्यतीला निघाल्यासारखी येत. जमिनीवर चित्रांची पत्ती मांडायची, मी शब्द म्हणायचा, ज्याचा हात आधी पडेल त्याची पत्ती. 45 मिनिटांत अर्धा वेळ हसण्यात जायचा. रकाना आल्यावर पाचवीतल्या मुली वहीत स्पेलिंग लपवून लिहू लागल्या. तिसरीत भाषेच्या तासाला मुलं रोमन लिपीत जपानी लिहायला शिकतात. तीच मुलं पाचवीत ‘मेक’ हा शब्द ‘माके’ असा वाचतात आणि त्यांच्या लिपीच्या हिशेबाने ते बरोबरच असतं. पूर्वी यावर सगळा वर्ग हसायचा आणि पुढे जायचा. आता वाचणाऱ्याचे कान लाल व्हायचे. वर्गशिक्षक आणि मी, दोघंही या तासाला पूर्वीपेक्षा जास्त तयारी करून जात होतो, आणि मुलं पूर्वीपेक्षा कमी बोलत होती. याचा सगळा दोष अभ्यासक्रमाला देता येणार नाही, कारण मध्येच कोरोना आला.

27 फेब्रुवारी 2020 च्या संध्याकाळी पंतप्रधान आबे यांनी देशभरच्या शाळा 2 मार्चपासून बंद ठेवण्याचं आवाहन केलं. शिमानेत तेव्हा एकही रुग्ण सापडला नव्हता आणि प्रांताने आपल्या अखत्यारीतल्या शाळा लगेच बंद केल्या नाहीत, याची देशभर चर्चा झाली. एप्रिलच्या मध्याला देशव्यापी आणीबाणी लागू झाल्यावर मात्र आमच्याकडेही वर्ग ओस पडले. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा माझ्या पोतडीतलं जवळजवळ सगळं बाद झालं होतं. गाणं नाही, टाळी नाही, पत्तीला सगळ्यांचे हात लागणार म्हणून पत्तीही नाही. इंग्रजीतला ‘व्ही’ काढताना वरचे दात खालच्या ओठावर येतात, हे मास्कमधून दाखवायचं कसं? प्लास्टिकची पारदर्शक ढाल लावून पाहिली तर दोन वाक्यांत वाफेने धूसर. मग प्रत्येक मुलामागे एक टॅब्लेट आला. मुलं माझ्या तोंडाचं ध्वनिमुद्रण त्यावर लावून बघू लागली, मी समोर उभी असतानाच.

दुपारचं जेवण हा जपानी शाळेतला माझा आवडता तास. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलं स्वयंपाकघरातून पातेली आणतात, वाढतात, मोजून सारखं करतात. त्याआधी मुख्याध्यापकांनी ते अन्न चाखून ठीक असल्याची नोंद केलेली असते. शिंजी तळ्यातल्या शिजिमी शिंपल्यांचं मिसो सूप आलं की मला घरच्या तिसऱ्यांची आठवण यायची, आणि शिंपलीतून मांस दातांनी कसं सोडवायचं हे मला आधीच येतं याचं मुलांना भारी नवल. कोरोनात हे जेवण मूक झालं. सगळ्यांची तोंडं फळ्याकडे, बोलायचं नाही. माझं ताट वर्गातून शिक्षकखोलीत हललं, आणि त्यानंतर मुलांचे पूर्ण चेहरे मला दिसायचेच बंद झाले.

म्हणून मार्च 2023 चा पदवीदान समारंभ मला विसरता येत नाही. फेब्रुवारीत मंत्रालयाने कळवलं होतं की या समारंभात विद्यार्थ्यांनी मास्क न लावता यायला हरकत नाही, समूहगान तेवढं मास्क लावून म्हणावं. जवळच्या माध्यमिक शाळेचा नवा, वाढत्या अंगाचा म्हणून सैल घेतलेला गणवेश घालून सहावीची मुलं व्यायामशाळेत आली. ही मुलं कोरोना आला तेव्हा तिसरीत होती, म्हणजे माझ्याकडे इंग्रजीचं पहिलंच वर्ष शिकत होती. पुढचे दात पडलेली, गालांवर भाताची शितं घेऊन फिरणारी तोंडं मी पाहिली होती. आता नाव पुकारलं की मोठ्याने ‘हाय’, म्हणजे जपानीत ‘हो’, म्हणत एकेक जण मंचावर चढत होता. आधी डावा हात पुढे, मग उजवा, प्रमाणपत्र घेऊन वाकायचं. एकाचा जबडा त्याच्या बापासारखा रुंद झालेला, एकीच्या दातांना तारा. डोळ्यांवरून ओळखत होते त्यांतली काही मुलं मला ओळखूच आली नाहीत. काहींनी मास्क काढलाच नाही. तीन वर्षांत तो त्यांच्या अंगवळणी पडला होता आणि सगळ्यांसमोर उघडं तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

शाळेचं वर्ष संपलं की जाणाऱ्या शिक्षकांचा निरोप समारंभ होतो. सुटीत असलेली मुलं त्या सकाळी मुद्दाम येतात. मंचावर जाणारे सगळे ओळीने उभे राहतात. आधी बढतीवर जाणारे, मग बदलीवाले, मग निवृत्त होणारे, आणि शेवटी मी. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, प्रत्येकाला एक मूल फुलं देतं, शाळेचं गीत होतं, मुलांनी हात वर जोडून केलेल्या कमानीखालून बाहेर पडायचं. मला सहावीच्या वर्गाकडून चौकोनी पुठ्ठा मिळाला, मधे माझं चित्र आणि भोवती सगळ्यांचे संदेश. बहुतेकांनी इंग्रजीत लिहायचा प्रयत्न केला होता. मी कमानीतून वाकून जात असताना तिसरीतल्या एका मुलाने माझी बाही ओढली आणि विचारलं, “सेन्सेई, पुढच्या वर्षी हॅलोविनचं कोण करणार?” मी म्हटलं, नवे सेन्सेई येतील. “कुठल्या देशाचे?” ते मलाही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा खुलला. आता त्याला वाट बघायला काहीतरी मिळालं होतं.

आधी मला हे जरा लागलं. मग वाटलं, त्या मुलाने शाळा माझ्यापेक्षा बरोबर ओळखली आहे.

मराठी वाचकाच्या मनातली जपानी शाळा म्हणजे ‘तोत्तोचान’. रेल्वेच्या डब्यांतले वर्ग, मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी. तेत्सुको कुरोयानागींचं ते पुस्तक जपानमध्ये 1981 मध्ये आलं, आणि आपल्याकडे कित्येक शिक्षकांच्या कपाटात ते असतं. मीही ते वाचूनच गेले होते, आणि पहिली दोन वर्षं नकळत कोबायाशींना शोधत होते. पण तोमोए ही एका माणसाची खासगी शाळा होती. युद्धात ती इमारत जळाली आणि तोत्तोचानची ती शाळा तिथेच संपली. सरकारी शाळेत कोबायाशी सापडले असते, तरी दोन-तीन वर्षांत यादीत त्यांचं नाव येऊन ते दुसरीकडे गेले असते. चांगली शाळा म्हटलं की आपल्याला कुणीतरी एक थोर गुरुजी डोळ्यांसमोर आणायची सवय आहे. मी जिथे काम केलं तिथे शाळा सवयींवर उभी होती.

जेवणानंतरची साफसफाई पाहिली की हे कळतं. वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एका गटात असतात. एकदा सहावीतली एक मुलगी पहिलीतल्या मुलाला फडकं पिळायला शिकवत होती. तो आपल्यासारखं आडवं धरून पिळत होता. तिने फडकं त्याच्या हातात उभं दिलं, एक मूठ वर, एक खाली, कोपरं अंगाशी, आणि म्हणाली, आता आतल्या बाजूला वळव. पाणी थेट बादलीत पडलं, जमिनीवर थेंब नाही. त्या मुलीलाही पाच वर्षांपूर्वी कुणीतरी असंच शिकवलं असणार. या साखळीत शिक्षकाचं काम फार थोडं आणि माझं तर काहीच नाही. म्हणूनच माणसं हलली तरी ती तुटत नाही.

शिमानेला परदेशी मास्तराच्या निरोपाचा जुना अनुभव आहे. 1890 मध्ये लाफ्कादिओ हर्न मात्सुएच्या माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकवायला आला. नोव्हेंबर 1891 मध्ये तो कुमामोतोला गेला. मात्सुएची थंडी त्याला सोसली नव्हती आणि नव्या जागी पगार जास्त होता. जपानविषयीच्या त्याच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण याच निरोपाचं आहे. भेटवस्तू, भाषणं, विद्यार्थ्यांची रांग, धक्क्यावरची गर्दी, सगळं त्यात आहे. पुढे तो जपानी नागरिक झाला, कोइझुमी याकुमो या नावाने. मात्सुएत त्याचं घर अजून जपलं आहे. मी ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा हेच जाणवलं की सव्वाशे वर्षांत निरोपाचा क्रमसुद्धा फारसा बदललेला नाही.

कौतुक इथपर्यंत. निरोपाची इतकी चोख व्यवस्था असलेल्या देशात परदेशी सहायकाचा अनुभव टिकवायची व्यवस्था मला दिसली नाही. बदलून जाणारा शिक्षक आपलं शहाणपण त्याच प्रांतातल्या दुसऱ्या शाळेला देतो. आमची मुदत संपली की आमचं शहाणपण आमच्याबरोबर विमानात बसतं. एका वर्षाच्या नेमणुकीवर राहणारं माणूस तीन वर्षांची योजना आखत नाही, आणि त्याला कुणी ती विचारतही नाही. इंग्रजीला विषय केलं, रकाना केला, पण तो शिकवायला मदत करणाऱ्यांना हंगामी ठेवलं. हे दोन्ही एकत्र चालणं कठीण. याला अपवाद घडतात. जन्माने भारतीय आणि आपल्याच महाराष्ट्रातले, पुढे जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक, तिकडे ‘योगी’ म्हणून ओळखले जातात, ते इबाराकी प्रांतातल्या सरकारी त्सुचिउरा दाइइची हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मी परतले त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल 2023 मध्ये. म्हणजे बाहेरच्या माणसाला वर जागा आहे. मधल्या पायऱ्या मात्र अजून बांधायच्या आहेत.

मला जे करता आलं ते मी केलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रिकाम्या शिक्षकखोलीत बसून, जपानी शिक्षक करतात तसं पुढच्या माणसासाठी टिपण तयार केलं. कपाटातल्या लॅमिनेट केलेल्या चित्रपत्त्यांचा डबा मला आधीच्या कुणा इंग्रजी बोलणाऱ्याकडून मिळाला होता. त्याच्या तळाशी ‘कलर’ हा शब्द ब्रिटिश पद्धतीने लिहिलेली, कोपरा चावलेली एक पत्ती आहे. कुणाच्या हातची ते मला कधी कळलं नाही. त्या डब्यात मी माझ्या काही पत्त्या घातल्या, आंब्याचीही एक. कुठल्या वर्गात पडदा अडकतो, कुठल्या वर्गाला व्यायामाच्या तासानंतर दहा मिनिटं शांत बसवावं लागतं, चौथीतल्या कोणत्या मुलांना सर्वांसमोर उभं करू नये, सगळं लिहून ठेवलं.

जूनमध्ये नव्या शिक्षिकेचा मेल आला. टिपण फार उपयोगी पडलं, असं तिने सौजन्याने लिहिलं होतं. पुढे एक दुरुस्ती होती. तुम्ही लिहिलेली चौथीतली ती मुलं आता पाचवीत आहेत, आणि सगळ्यांच्या आधी तीच हात वर करतात.