दुसऱ्या गाडीचा आस

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी, आणि कुणाचे काही अडत नाही. मोटारीत इंजिनाला चाके फिरवायची असतात, म्हणून ती जखडावी लागतात. जखडायचीही आणि वेगवेगळ्या गतीने फिरूही द्यायची, हा पेच फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने 1820च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांनी सोडवला.

तीच चक्रे घरच्या शेडमध्ये बसवण्याचा उद्योग ब्रिटनमध्ये फोफावला तो कराच्या कृपेने. तयार मोटारीवर खरेदीकर पडे. सुटे भाग घेऊन स्वतः जोडली तर तो वाचे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटसची 1957ची ‘सेव्हन’ अशीच विकली गेली. 1973मध्ये मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली. छंद मात्र राहिला. सेव्हनच्या वळणाची गाडी घरी बांधणारे पुढे मागचा आस जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा घेऊ लागले.

एस्कॉर्टचाच का? पिनियन आणि क्राऊन व्हील यांच्या दातांत साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर एवढाच ‘प्ले’ हवा. कमी झाला तर दात तापतात, जास्त झाला तर दणके बसतात. दाताला निळा रंग लावून तो नेमका कुठे टेकतो हे पाहणे कसबी फिटरचे काम. एस्कॉर्टच्या ‘इंग्लिश’ आसात ही सारी यंत्रणा एका स्वतंत्र बैठकीत असते. टेबलावर जुळवावी आणि पुढून बोल्टांनी कसावी. फोर्डच्याच दणकट ‘अॅटलास’मध्ये ती खुद्द आसाच्या पोटात जुळवावी लागते.

तेव्हा चक्रांची जुळणी फिटरवर सोपवता येते. घात होतो तो कवचात. एस्कॉर्टला पाटे होते. नव्या गाडीला कॉइल स्प्रिंग आणि दांडे, म्हणून कवचावर नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात. वेल्ड थंड होताना नळी ओढते, आस किंचित वाकतो. मग आतले शाफ्ट तिरपे चालतात, बेअरिंग आणि सील जातात, ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. जुळणी काटेकोर असूनही गाडी थांबेनाशी होते, ती अशी. म्हणून डिफरन्शियल आधी बाहेर काढावा, वेल्ड तुकड्यातुकड्यांनी, बाजू बदलत करावे, सरळपणा तपासावा, आतला कीस पुसून काढावा. मगच नवे गॅस्केट घालून डिफरन्शियल आत. शाफ्ट त्यानंतर सरकवायचे, कारण त्यांच्या खाचा आतल्या चक्रांतच बसतात.

खुद्द लोटसलाही कवचाने दगा दिला होता. दुसऱ्या मालिकेतल्या सेव्हनला स्टँडर्ड कंपनीच्या छोट्या गाडीचा आस होता आणि आसाला धरणारा ‘ए’ आकाराचा दांडा डिफरन्शियलच्या कवचाखाली अडकवला होता. जो भार त्या कवचाने कधी पेलला नव्हता, तो आल्यावर ते हलू लागले, ऑइल गळू लागले. 1968च्या तिसऱ्या मालिकेत फोर्डचा आस आला.

भंगारातल्या आसाचे गुणोत्तर ओळखण्याची युक्ती मला या साऱ्यात फार आवडते. एक चाक घट्ट धरायचे, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवायचे आणि पिनियनचे फेरे मोजायचे. पावणेचारच्या जरा पुढे भरले तर 3.77, चारच्या थोडे पुढे गेले तर 4.125. चाक एकाऐवजी दोनदा का फिरवायचे, याचे उत्तर पेकरच्या चक्रांतच आहे: एक चाक अडवले की दुसरे दुप्पट फिरते.