टर्बोचा दाब आणि त्याचा पहारेकरी

जालना-जिंतूर रस्त्यावर देवगाव फाट्याला सेलूकडे जाणारा रस्ता फुटतो. इथून धावणाऱ्या बहुतेक डिझेल ट्रकना टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की डिझेलही जास्त जाळता येतं, ताकद वाढते. म्हणून काहीजण टर्बोचा दाब वाढवून घेतात. दाब मोजणारा सेन्सर मात्र जुनाच ठेवतात. घात तिथंच होतो.

हा सेन्सर बहुधा भोवतालच्या हवेचा दाबही धरून मोजतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १ बार. टर्बोनं त्यावर दीड बार चढवला, तर एकूण झाले अडीच. सेन्सर २ बारचा असेल, तर पुढचं त्याला दिसतच नाही. दाब कमीच आहे असं समजून इंजिनाचा कॉम्प्युटर टर्बोला आणखी पळवतो. मग टर्बो जातो, कधी पिस्टनही.

मग १० बारचा बसवावा? तेही नको. तेवढ्याच ५ व्होल्टमध्ये मोठी पट्टी मावते, बारीक फरक हरवतात. अडीचसाठी ३ बारचा पुरे. मात्र त्याचं व्होल्ट-दाबाचं कोष्टक कॉम्प्युटरमध्ये भरायलाच हवं.

लेहला, साडेतीन हजार मीटरवर, भोवतालचा दाब सुमारे ०.६५ बारच उरतो. म्हणून बर्फावरच्या टर्बो स्नोमोबाईललाही एकूण दाब मोजणाराच सेन्सर लागतो.

माझं सांगणं एवढंच : कारखान्यानं ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ रोखतं. रस्त्यावरच्या गाडीचा दाब वाढवूच नका. सेन्सर बदलायची वेळ आली, तर मूळ क्रमांकाचाच घ्या. प्लग बसला म्हणजे सेन्सर जुळला असं नव्हे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)