माशी की मधमाशी?

बालमित्रांनो, अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची माशी दिसली, की आपण "मधमाशी!" म्हणून पळतो, नाहीतर चप्पल उगारतो. पण थांबा! ती कदाचित सिरफिड माशी असेल. तिला नांगी नसते. पक्ष्यांनी घाबरून लांब राहावं, म्हणून हे मधमाशीचं सोंग!

मग ओळखायचं कसं? मधमाशीला चार पंख, माशीला दोनच. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून मोजताना फसगत होते. त्यापेक्षा डोकं पाहा. माशीचे डोळे डोकंभर पसरलेले, मिशा अगदी आखूड. मधमाशीच्या मिशा लांब, कोपरासारख्या वाकलेल्या. पुष्कळदा तिच्या मागच्या पायांवर परागांचे गोळेही दिसतात. आणि हवेत एकाच जागी स्थिर तरंगत असेल, तर बहुधा सिरफिडच!

दोघीही आपल्या कामाच्या बरं का! सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं, ते मधमाश्यांमुळेच. सांगलीकडे आटपाडीच्या डाळिंबबागांत फळ धरायला मधमाश्या मदत करतात. सिरफिडच्या कित्येक जातींच्या अळ्या पिकांवरचा मावा फस्त करतात. फुलं उमललेली असताना विषारी औषध फवारलं, तर दोघींचाही जीव जातो. हे घरी आईबाबांनाही सांगा.

तेव्हा चप्पल खाली! जरा लांब उभे राहा, हात न लावता निरखा. सांगा पाहू, तुमच्या तुळशीवर कोण आलंय?