डॉक्टरांची सनदी परीक्षा आणि विषयनिवडीचा हिशेब

एम.बी.बी.एस.ची पदवी हाती आल्यावर मुलगा दवाखाना थाटील किंवा पदव्युत्तर शिक्षणास जाईल, अशा अपेक्षेत असलेल्या घरात तो नागरी सेवा परीक्षेची पुस्तके उघडून बसला, की प्रथम आश्चर्य, मग थोडी नाराजी आणि अखेरीस 'निदान विषय तरी कोणता घेणार?' असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुतेकांना स्वयंसिद्ध वाटते. साडेपाच वर्षे जे शिकला तेच घ्यावे, त्यात विचार कसला करायचा? परंतु ज्यांनी ही वाट यशस्वीपणे चालून दाखविली त्यांच्यापैकी काहींची निवड निराळीच होती. २००९ च्या परीक्षेत देशात पहिले आलेले शाह फैसल हे डॉक्टर. त्यांचे ऐच्छिक विषय होते लोकप्रशासन आणि उर्दू साहित्य. २०१४ च्या परीक्षेत दुसऱ्या आलेल्या रेणू राज याही डॉक्टर. त्यांनी मल्याळम साहित्य घेतले होते. वैद्यकशास्त्र घेऊन भारतीय प्रशासन सेवेत गेलेले डॉक्टरही आहेतच. तेव्हा हा विषय बरा की वाईट, या वादात अर्थ नाही. तो कोणी आणि कोणता हिशेब मांडून घ्यावा, एवढेच पाहावयाचे आहे.

त्यासाठी परीक्षेची घडण थोडी ध्यानात घ्यावी लागते. डॉ. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ पासून ही परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होऊ लागली. मुख्य परीक्षेत त्या वेळी दोन ऐच्छिक विषय असत. पुढे वैद्यकशास्त्राला यादीत स्थान मिळाले तरी डॉक्टरला दुसरा एखादा विषय नव्याने शिकणे भागच होते. पशुसंवर्धन व पशुवैद्यक या जवळच्या विषयाशी वैद्यकशास्त्राची जोडी लावण्यास तर नियमानेच मज्जाव होता. २०११ पासून पूर्व परीक्षेतील ऐच्छिक विषय गेला आणि २०१३ पासून मुख्य परीक्षेतही एकच ऐच्छिक विषय राहिला. आता निबंधाला २५० गुण, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिकांना १०००, ऐच्छिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिकांना ५०० आणि मुलाखतीला २७५, असे एकूण २०२५ गुण आहेत. म्हणजे ऐच्छिक विषयाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश. पूर्वी परका विषय शिकणे अटळ होते. आता तो शिकायचा की नाही, हा प्रश्न उमेदवाराच्या मर्जीवर आहे, आणि म्हणूनच निवडीला जास्त वजन आले आहे.

अर्थशास्त्रात 'बुडीत खर्च' अशी एक संज्ञा आहे. जो खर्च होऊन गेला आणि काही केल्या परत मिळणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना हिशेबात धरू नये, असा तिचा आशय. विहीर खणताना पन्नास फुटांवर पाणी लागले नाही, तर आणखी वीस फूट खणावे की नाही हे पुढच्या वीस फुटांच्या खर्चावर आणि पाणी लागण्याच्या संभवावर ठरावे. मागच्या पन्नास फुटांच्या हळहळीवर नव्हे. माणसे मात्र नेमकी त्या हळहळीवर खणत राहतात. वैद्यकीय पदवीधराच्या घरात होणारा युक्तिवाद या प्रकारचा असतो. साडेपाच वर्षे आणि बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून वैद्यकशास्त्रच घ्यावे, हे म्हणणे भावनेला पटते. पण ती वर्षे आणि ते पैसे दोन्ही वाटांवर सारखेच खर्ची पडले आहेत. खरा प्रश्न असा, की आजपासून पुढे कोणत्या विषयावर किती महिने घालावे लागतील आणि त्या महिन्यांतून बाकीच्या दीड हजार गुणांच्या पदरात काय पडेल?

पहिल्या भागाचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या बाजूने जाते, यात शंका नाही. पाया तयार असतो, पुस्तके कपाटात असतात, परिभाषा जिभेवर असते. पहिल्या प्रश्नपत्रिकेत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक व विषशास्त्र. दुसरीत वैद्यक, बालरोग, त्वचारोग, शल्यचिकित्सा, प्रसूती व स्त्रीरोग, आणि सामाजिक वैद्यक. ही तेरा शाखांची यादी पाहून कला शाखेचा विद्यार्थी हादरेल. डॉक्टरला ती जुनी ओळखीची वाटते. मात्र ओळख आणि तयारी यांत अंतर आहे. शरीररचना व जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे विषय. जिभेचा रक्तपुरवठा, स्तनग्रंथीची लसिकावाहिनी-रचना किंवा हृदयाची गर्भावस्थेतील जडणघडण ही अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात पाठ केलेली प्रकरणे आंतरवासितेच्या वर्षी आठवू लागली, तर मधली वर्षे रुग्णकक्षात गेलेली असल्याने त्यांचे सांगाडेच तेवढे उरलेले आढळतात.

याहून मोठी अडचण लेखनाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पदवी मिळताच बहुतेक विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या तयारीला लागतात. चार पर्यायांतून अचूक पर्याय ओळखण्याचे एक कौशल्य असते. त्यात स्मृतीला खूण पटली की काम झाले. नागरी सेवेच्या प्रश्नपत्रिकेत ओळखणे पुरत नाही, मांडावे लागते. तीन तासांत आठांपैकी पाच प्रश्न, त्यांतील दोन सक्तीचे, प्रत्येक प्रश्नाला उपप्रश्नांचे शेपूट, आणि प्रत्येक उपप्रश्नाच्या उत्तरात कारण, लक्षणे, निदान, उपचार हा क्रम राखून जमेल तेथे आकृती काढायची. दोन वर्षे खुणा करण्यात घालवलेल्या हाताला पानेच्या पाने लिहिण्याची सवय उरत नाही. वैद्यकशास्त्रात कमी गुण पडलेल्या उमेदवाराला वैद्यक येत नव्हते, असे म्हणणे बहुधा धाडसाचे ठरेल. त्याला ते ठरलेल्या वेळात कागदावर उतरविता आले नाही, हे अधिक संभवते.

या विषयाच्या अभ्यासाची पद्धतही महाविद्यालयातील पद्धतीहून वेगळी हवी. महाविद्यालयात शाखांच्या भिंती असतात. परीक्षेच्या तयारीत त्या पाडल्या तरच तेरा शाखा आवाक्यात येतात. डेंग्यूचे उदाहरण घ्यावे. हा आजार पहिल्या प्रश्नपत्रिकेत सूक्ष्मजीवशास्त्राखाली येतो, दुसरीत वैद्यकाखाली येतो आणि पुन्हा सामाजिक वैद्यकात राष्ट्रीय कार्यक्रमांच्या यादीत येतो. विषाणूचे चार प्रकार आणि एका प्रकाराची लागण होऊन गेलेल्यास दुसऱ्याने अधिक धोका का. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्याने रुग्ण कोसळतो तो नेमका ताप उतरू लागल्यावर का. ॲस्पिरिन का देऊ नये. विशिष्ट औषध नसताना केवळ द्रवाच्या काटेकोर हिशेबावर माणूस कसा वाचवावा. आणि घरातल्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत वाढणाऱ्या एडिस डासासाठी आठवड्याचा 'कोरडा दिवस' कागदावर राहतो तो कशामुळे, हे सारे एकाच बैठकीत, एकाच टिपणात आणले, तर एका श्रमात तीन ठिकाणची बेगमी होते. मलेरिया, क्षयरोग, एड्स, कुपोषण यांची टिपणे याच रीतीने करता येतात. शरीररचना व जीवरसायनाला ही सवलत नाही; तेथे उजळणीला पर्याय नाही.

यातले शेवटचे प्रकरण, म्हणजे सामाजिक वैद्यक, हे विद्यार्थ्यांचे सर्वांत नावडते. रुग्ण दिसत नाही, शस्त्र हाती येत नाही, केवळ आकडे, समित्या आणि कार्यक्रम. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय, अशी त्याची ख्याती. वास्तविक १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर घडवताना त्याला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, असे सुचविले होते, ते त्याला रोगापलीकडचा समाज दिसावा म्हणूनच. सनदी परीक्षेत हा नावडता विषयच सर्वांत उपयोगी पडतो. राष्ट्रीय कार्यक्रमांचे 'चिकित्सक परीक्षण' करा, असे अभ्यासक्रमच सांगतो. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि २०२० मध्ये त्याच्या नावात 'नियंत्रणा'ऐवजी 'निर्मूलन' आले. ही तीन वर्षे लिहून थांबणारा विद्यार्थी आणि रोगी मध्येच औषध का सोडतो, खासगी डॉक्टर रुग्णाची नोंद का करीत नाही, हे सांगणारा विद्यार्थी यांच्या गुणांत फरक पडणारच. तीच गोष्ट २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची. येथे जे लिहायचे ते सामान्य अध्ययनातील शासनव्यवहार व सामाजिक न्याय या भागातही कामास येते.

परंतु असे दुहेरी कामास येणारे प्रकरण हे एवढेच, आणि हिशेबाचा दुसरा भाग येथे विरुद्ध बाजूला झुकतो. इतिहास, भूगोल किंवा राज्यशास्त्र घेणाऱ्याचा ऐच्छिक विषय सामान्य अध्ययनाच्या हजार गुणांत वारंवार डोकावतो. निबंधातही त्याची शिदोरी पुरते. खांद्याच्या सांध्याची रचना मात्र निबंधात कोठे घालणार? वैद्यकशास्त्र घेणाऱ्याला राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था हे सारे बाहेरून आणि शून्यापासून मिळवावे लागते. त्यामुळे ज्याचे पदवीपर्यंतचे वाचन वैद्यकापलीकडे गेलेले नाही, त्याने पाचशे गुणांचा किल्ला राखताना बाराशे पन्नास गुणांचे मैदान ओस पडत नाही ना, हे पाहावे. उलट ज्याला वर्तमानपत्राची, इतिहासाची, चर्चेची गोडी आधीपासून आहे, त्याला वैद्यकशास्त्रासारखा हुकमी विषय सोडण्याचे कारण नाही. शाळेपासून मराठी साहित्य आवडीने वाचलेला एखादा डॉक्टर त्या विषयाकडे वळला, तर त्यालाही कोणी वेड्यात काढू नये.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. हा विषय घेणारे थोडे, म्हणून त्याचे शिकवणीवर्ग थोडे. एका अर्थी ही गरीब घरच्या उमेदवाराची सोयच; दिल्लीच्या खोलीचे भाडे आणि वर्गाचे शुल्क या दोहोंतून निदान ऐच्छिक विषयापुरती सुटका होते. पण उत्तर तपासून देणारा माणूस मिळणेही तितकेच कठीण होते. आपल्याच महाविद्यालयातील एखाद्या जुन्या अध्यापकाला महिन्याला चार उत्तरे दाखविण्याची भीड मोडली, तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन आंतरवासिता पुरी न झालेल्यांना मुख्य परीक्षेस तात्पुरता प्रवेश मिळतो. मुलाखतीच्या वेळी मात्र ती पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते. या नियमाचा आधार घेऊन आंतरवासितेच्या वर्षीच परीक्षा देण्याचा मोह अनेकांना होतो. रात्रपाळी करून सकाळी राज्यघटना वाचणाऱ्याच्या हाती काय लागते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

डॉक्टराने या वाटेला जावे काय, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. सरकारी महाविद्यालयातील एकेका जागेवर जनतेचा मोठा पैसा खर्च होतो, खेड्यांत डॉक्टर नाहीत, आणि हा मात्र कचेरीत बसणार! आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, देशभर प्राणवायूसाठी धावाधाव चालली असताना नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने स्वतःचे प्राणवायू प्रकल्प आधीच उभारले होते. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड हे मुंबईच्या सेठ जी.एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. लाट ओसरली म्हणजे ती परत येईल, हे वैद्यक जाणणाऱ्या माणसाला इतरांआधी उमगले, असे म्हटले तर ते अनाठायी होणार नाही.

दोष व्यवस्थेच्या घडणीत शोधावा लागेल. १९६३ मध्ये अखिल भारतीय सेवांच्या कायद्यात दुरुस्ती करून अभियांत्रिकी, वन आणि वैद्यक व आरोग्य अशा तीन नव्या सेवांची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी वनसेवा १९६६ मध्ये अस्तित्वात आली. वैद्यक व आरोग्य सेवा कायद्याच्या पुस्तकातच राहिली. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्या अहवालात तिची पुन्हा शिफारस केली. लोकसेवा आयोगाची डॉक्टरांसाठी संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षा आहे, पण ती रेल्वे व केंद्रीय आरोग्य सेवेसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय पदांसाठी. आरोग्याचे धोरण आणि अंदाजपत्रक जेथे ठरते, त्या खुर्चीपर्यंत ती सहसा नेत नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टराला सर्वांच्याच रांगेत उभे राहावे लागते. आणि त्या रांगेतून निवड झाल्यावरही प्रशासन सेवाच मिळेल असे नाही. गुणानुक्रम थोडा खाली घसरला, की डेंग्यूवर उत्तम उत्तर लिहिलेला उमेदवार प्राप्तिकर खात्यात किंवा रेल्वेच्या हिशेबखात्यात रुजू होतो. प्रशासन सेवेत गेलेल्यालाही जिल्हा परिषदेत आरोग्याधिकाऱ्याच्या कामावर देखरेख करण्याची संधी दोन वर्षे मिळते आणि मग बदलीचा हुकूम येतो, तो बहुधा आरोग्याशी काडीचा संबंध नसलेल्या खात्यात.