हरत्या संघाचं तिकीट

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथलं फुटबॉलचं स्टेडियम १९२७ साली बांधलं. आज त्यात १,०७,६०१ माणसं बसतात आणि ७ सप्टेंबर २०१३ रोजी नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला १,१५,१०९ जण आल्याची नोंद आहे. मैदानात खेळत होती ती कॉलेजची मुलं.

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून, हेल्मेट घालून, यार्डायार्डानं पुढे सरकायचा खेळ. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. तेव्हाचे नियम सॉकरच्या जवळचे होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेल्यांना यामागचं वेड वेगळं समजावून सांगायला नको. तिथे संघ निवडावा लागत नाही, तो पेठेबरोबरच मिळतो. अमेरिकेत पेठेच्या जागी विद्यापीठ असतं. शिकायला गेलेली आपली मराठी मुलंसुद्धा पहिल्याच हिवाळ्याआधी विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून शनिवारच्या गर्दीत सामील होतात.

या गर्दीचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. जाहीर होते ती संख्या बहुतेकदा विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांची. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं २०१८ मध्ये अनेक विद्यापीठांकडून दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांचे आकडे मिळवले. जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच लोक आत आले होते. विद्यापीठांच्या वरच्या गटात टिकायचं तर दोन वर्षांतून एकदा तरी घरच्या सामन्यांना सरासरी १५,००० प्रेक्षक दाखवले पाहिजेत, असाही नियम होता. ॲन आर्बरच्या शेजारच्याच ईस्टर्न मिशिगन विद्यापीठानं शीतपेय कंपनीबरोबरच्या कराराचा पैसा आपल्याच सामन्यांची तिकिटं घेण्यात घालून ही अट भागवली. २०२३ मध्ये ती अट रद्द झाली, ते बरंच झालं.

रिकाम्या खुर्च्यांचा दोष मात्र हमखास विद्यार्थ्यांच्या माथी येतो. २०१३ च्या हंगामात अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन सामना संपण्याआधी उठून जाणाऱ्या विद्यार्थ्यांवर जाहीरपणे चिडले. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठानं मोबाइल ॲप आणलं. सामन्याला आलात की १०० गुण, चौथ्या सत्रापर्यंत थांबलात की आणखी २५०. गुण जास्त असतील त्याला महत्त्वाच्या सामन्याचं तिकीट आधी. मुलगा मैदानात आहे की नाही, हे त्याचा फोन सांगणार. निष्ठेची हजेरी घेण्याचा हा प्रकार मला मुळीच पटत नाही. सप्टेंबरमध्ये अलाबामात भर दुपारी उघड्यावर साडेतीन तास काढणं ही शिक्षा आहे. सामना संघानं कधीच जिंकून टाकलेला असतो आणि जाहिरातींसाठी खेळ पुनःपुन्हा थांबतो. अशा वेळी सावली शोधणारा मुलगा बेइमान कसा?

दुपारची वेळ ठरवतं कोण? एके काळी टीव्हीमुळे गेटवरची गर्दी घटेल या धास्तीनं एनसीएए ही संघटना प्रक्षेपणावर कडक मर्यादा घालत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी तिला न्यायालयात खेचलं आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मक्तेदारी मोडली. पुढे पैशांचा पूर आला. आता बऱ्याच सामन्यांची वेळ वाहिनी ठरवते, तीही अनेकदा बारा, कधी सहाच दिवस आधी. दोनशे मैलांवरून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबानं सुट्टी कधी काढायची, याचा विचार त्यात कुठेच नसतो.

खरा चाहता कोण, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या हंगामात सात मोठ्या विद्यापीठांत एक साधी पाहणी केली. सोमवारी वर्गात जायचं आणि किती मुलांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह आहे ते मोजायचं. शनिवारी संघ जिंकलेला असला की असे कपडे जास्त दिसत. १९७६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना फोनवर सामन्याबद्दलही विचारलं होतं. विजय झाला असेल तर तो ‘आपला’ असे, पराभव बहुधा ‘त्यांचा’. मला या पाहणीतली उरलेली मुलं महत्त्वाची वाटतात, पराभवानंतरच्या सोमवारीही तोच शर्ट घालून आलेली.

नेब्रास्का राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. सगळी माया लिंकनच्या विद्यापीठावर. सामन्याच्या दिवशी तिथलं स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं आणि नोव्हेंबर १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी टेक्ससनं इथे येऊन २०–१६ असा विजय मिळवला आणि नेब्रास्काची घरच्या मैदानावरची सलग ४७ विजयांची मालिका तोडली. प्रेक्षक जागचे हलले नाहीत. टेक्ससच्या रिकी विल्यम्सचा खेळ पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे २०१७ पासून सलग सात हंगाम संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला. २०२१ मध्ये हजारोंनी तिकिटं उरायची वेळ आली, तेव्हा देणगीदारांनी ती घेऊन गरजू मुलांना वाटली. विक्रम टिकवण्याची ती धडपड होतीच, पण एरवी ज्यांना ते दार परवडलं नसतं अशी पोरं आत गेली, हे मला विक्रमापेक्षा मोलाचं वाटतं.

आणि नॉर्थवेस्टर्न. शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टनमधलं हे खासगी विद्यापीठ अभ्यासासाठी नावाजलेलं. त्यांचा संघ १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरला. नोव्हेंबर १९८१ मध्ये मिशिगन स्टेटनं त्यांना ६१–१४ असं चिरडलं. तो सलग २९ वा पराभव, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. त्या दिवशी विद्यार्थी मैदानात धावले, आपणच सगळ्यांत वाईट असल्याच्या आरोळ्या ठोकत त्यांनी गोलपोस्ट पाडले. नाचक्कीतही ते संघाबरोबर होते. २५ सप्टेंबर १९८२ रोजी नॉर्दर्न इलिनॉयवर ३१–६ अशी मात करून ती साडेसाती संपली. पुन्हा गोलपोस्ट उखडले गेले, पोरांनी ते खांद्यावर घेऊन गावातून मिरवले आणि मिशिगन सरोवरात टाकून दिले.

१९९५ मध्ये हाच संघ बिग टेन लीगचा विजेता ठरला आणि १९४९ नंतर पहिल्यांदाच कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलच्या सामन्याला पात्र ठरला. तेव्हा विद्यापीठाचे जांभळे शर्ट सगळीकडे दिसू लागले. पासाडेनातल्या त्या सामन्यात १ जानेवारी १९९६ रोजी ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून ४१–३२ असे हरले. एकोणतिसावा पराभव स्टँडमध्ये बसून पाहिलेली मुलं तोवर पस्तिशीकडे झुकली होती. त्यांना पुढच्या हंगामाचं तिकीट काढायला कुठल्या ॲपच्या गुणांची गरज नव्हती.